सलाईनचा हात

बाळंतपणाला निघालेल्या बाईला कळांची भीती वाटते हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. सुईची भीती मात्र ती बोलून दाखवत नाही. एवढ्या मोठ्या दुखण्यापुढे सुईचं काय घेऊन बसायचं, असं तिला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यातल्या प्रसूतिगृहांत मी नर्स म्हणून काम करत आले, माझी दोन्ही बाळंतपणं याच पट्ट्यात झाली, आणि मला हे सांगणं पटत नाही. कळ येते आणि ओसरते. सलाईनची नळी मात्र ॲडमिट झाल्यापासून पुढे दिवस-दीड दिवस, सिझेरियन असेल तर त्याहून जास्त, हातातच असते. त्याच हाताने बाई खाटेची कड धरते, पदर सावरते, बाळाला पहिल्यांदा छातीशी घेते. तो हात ठणकत असेल तर त्या सगळ्यात ठणका मिसळतो. यातलं बरंचसं दुखणं टाळता येतं, पण त्यासाठी सुई टोचण्याआधी दोन मिनिटं बोलणं व्हावं लागतं. ते बोलायचं कसं आणि काय, ते इथे लिहिते आहे.

१. कुठला हात, ते तुम्ही सांगा

उजव्या हाताने जेवत-लिहीत असाल तर डावा हात पुढे करा. डावखुऱ्या असाल तर तसं स्पष्ट सांगा, कारण सिस्टर ते ओळखू शकत नाही आणि कामाच्या घाईत विचारायचंही राहून जातं.

हाताइतकीच जागाही महत्त्वाची. कोपराच्या खळीतली शीर जाड असते, चटकन दिसते, म्हणून गडबडीत तिथेच सुई लागते. पण कोपर वाकला की नळी दुमडते, सलाईन थांबते, आणि मग दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन ‘हात सरळ ठेवा’ म्हणून बजावतं. कळ आली की बाई अंग आखडून घेते. त्या क्षणी हात सरळ ठेवणं कुणालाच जमत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात सुई नेमकी खळीत होती आणि रात्रभर मी कळांपेक्षा त्या हाताकडे जास्त लक्ष देत होते. मनगटाच्या सांध्यावरही तोच त्रास होतो. तळहाताच्या मागची जागा चालते, पण तिथली कातडी पातळ असते, टोचताना जास्त दुखतं आणि मूठ आवळली की ओढ बसते.

सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे मनगट आणि कोपर यांच्या मधला सरळ भाग. तिथे हाडाचाच आधार मिळतो, हात कसाही वळवता येतो, आणि पुढे बाळाचं डोकं कोपराच्या खळीत ठेवून पाजायचं असतं तेव्हा खळ मोकळी राहते. ‘सिस्टर, इथे खाली सरळ भागावर मिळते का बघा ना,’ एवढं म्हटलं तरी पुरतं. मिळाली नाही तर जिथे मिळेल तिथे लावू द्या, पण विचारायला संकोच करू नका.

२. बांगड्या आधी उतरवून ठेवा

हे वाचायला किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे ॲडमिशनच्या वेळी हातावर जितकी झटापट होते त्यातली बरीचशी बांगड्यांमुळे होते. ओटीभरणाला, डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा दोन्ही हातांत असतो. नवव्या महिन्यात हातांना सूज येते आणि बांगडी मनगटावर अडकून बसते. मग कुणी साबण आणतं, कुणी खोबरेल तेल, कुणी ओढतं. इकडे बाईला कळा चालू असतात. शेवटी बांगडी वाढवावी लागते, काचेचा ओरखडा उठतो, आणि शुभ कामाच्या तोंडावर काच फुटली म्हणून सासूबाईंचे डोळे भरून येतात. त्यांच्या मनाला ते खरोखर लागतं. म्हणून ही वेळच येऊ न देणं बरं.

आठवा महिना संपतानाच, हात सुजायच्या आत, ज्या हाताला सलाईन लावून घ्यायची आहे त्या हातातल्या बांगड्या सावकाश उतरवा. दुसऱ्या हातात राहू द्या. कासाराकडे चुडा भरतानाच त्या हातासाठी एक माप मोठं मागितलं तर आणखी सोपं जातं. कल्याणजवळच्या गावातून सुनेला घेऊन आलेल्या एका आगरी आजींनी सुनेच्या डाव्या हातातल्या बांगड्या स्वतः उतरवून, रुमालात बांधून घरच्या देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या आणि बाळाला घेऊन घरी गेल्यावर पुन्हा भरायच्या असं सुनेला सांगितलं होतं. तेव्हापासून मी ही युक्ती प्रत्येकीच्या सासूला सांगते आणि ती सहसा पटते.

अंगठ्यांचंही तसंच. सुजलेल्या बोटात अंगठी अडकली तर बोट काळं-निळं पडतं. मनगटातला काळा दोरा पायात बांधला तरी चालतो.

३. आत सुई राहत नाही

पुष्कळ बायका सलाईन लागली की हात लाकडासारखा ताठ धरून बसतात. हलवला तर आतली सुई शीर फाडेल अशी धास्ती असते. आपल्या आयांच्या काळात ती धास्ती खरी होती. तेव्हा पोलादी सुईच शिरेत ठेवत आणि हात पुठ्ठ्याला किंवा फळीला बांधून टाकत. १९५० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा या भूलशास्त्राच्या तरुण डॉक्टरने सुईवरून प्लास्टिकची मऊ नळी शिरेत सरकवून सुई काढून घ्यायची पद्धत आणली. आज आपण जिला इंट्राकॅथ, व्हेनफ्लॉन किंवा कॅन्युला म्हणतो ती त्याच वंशातली. टोचणारी सुई सिस्टर तिथल्या तिथे काढून टाकून देते. आत राहते ती बोटाने दाबली तर वाकेल अशी नळी.

हे नीट कळलं की हात आपोआप सैल होतो. खांदा उतरतो, मानेचा ताण जातो. मी टोचून झाल्यावर काढलेली सुई बाईला लांबूनच दाखवते, मग ती टाकते. शब्दांनी समजावण्यापेक्षा ते पाहिल्यावर विश्वास लवकर बसतो.

४. पाणी प्या, हात गरम ठेवा

कोरड्या अंगात शिरा लपतात. मे महिन्यात डोंबिवलीच्या उकाड्यात, रिक्षातून खड्डे खात, सकाळपासून पाण्याचा घोट न घेता आलेल्या बाईच्या हातावर शीर शोधणं फार कठीण जातं. कळा सुरू झाल्यावर काही खायचं-प्यायचं नाही, ही समजूत अजून घराघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीविषयी ज्या शिफारशी दिल्या त्यांत जोखीम नसलेल्या बाईला कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्यावं असंच म्हटलं आहे. पाणी, नारळपाणी, पेज घोट घोट घेत राहा. सिझेरियन ठरलेलं असेल किंवा डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्यांनी दिलेली वेळ काटेकोर पाळायची.

लेबर रूममधला एसी थंडगार असतो आणि थंडीने शिरा आकसतात. कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन हातावर पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, हात खाटेखाली लोंबता सोडा, मूठ उघडझाप करा. शीर वर यावी म्हणून जोरजोरात चापट्या मारण्याची सवय काही जणांना असते. त्याने कातडी लाल होऊन झोंबते. बोटाने हलकं टिचकवणं पुरेसं आहे.

सुईची भीती फारच असेल, पूर्वी कधी घेरी आली असेल, तर ते आधी सांगा. कातडी बधिर करणारं मलम मिळतं. लावून, झाकून पाऊण-एक तास ठेवावं लागतं, म्हणून ते ठरलेल्या सिझेरियनला किंवा कळा सुरू करायला बोलावलेल्या बाईला जमतं. डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारून ठेवा.

५. कळ ओसरू द्या

कळ चालू असताना सुई टोचून घेऊ नका. ‘सिस्टर, कळ आली, जरा थांबा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि कुठलीही शहाणी सिस्टर थांबते. दोन कळांच्या मधल्या वेळात हे काम सहज होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. टोचण्याआधी कातडीवर स्पिरिट लावतात. ते ओलं असतानाच सुई गेली तर जी आग होते ती सुईची नसते, स्पिरिटची असते. अर्धा मिनिट वाळू दिलं की ती होत नाही, आणि जंतूही वाळतानाच मरतात. मग श्वास सावकाश बाहेर सोडत असताना टोचून घ्या. बघायचं नसेल तर मान वळवा. बघितल्याने धीर येणाऱ्या बायकाही असतात, त्यांनी खुशाल बघावं.

६. बारीक सुईचा हट्ट धरू नका

कॅन्युलाच्या टोकाला रंग असतो. पिवळी अगदी बारीक, लहान बाळांची. मग निळी, गुलाबी, आणि त्याहून जाड हिरवी. बाळंतपणाला सहसा हिरवी लावतात. ‘माझ्या भावाला डेंग्यू झाला तेव्हा निळी लावली होती, तीच लावा’ असा आग्रह होतो. आरामासाठी मी इतकं सगळं लिहिते आहे, पण इथे मी आरामाच्या बाजूने नाही, आणि कारण सांगते.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून घट्ट झालं की ते थांबतं. नाही आवळलं तर बघता बघता पांढरीफटक पडलेली बाई मी पाहिली आहे. त्या वेळी पाणी, औषध, रक्त जितक्या लवकर आत जाईल तितकं चांगलं. हिरवी नळी मिनिटाला साधारण ८०-९० मिलिलिटर सोडते, निळी ३०-३५. सिझेरियनमध्ये पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, तिथेही हीच जाडी कामाला येते.

शिवाय आपल्या भागात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, शिवाय गल्लोगल्ली पहिल्या मजल्यावरची प्रसूतिगृहं आहेत. पण गुंतागुंत वाढली तर बाईला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, ठाण्यात, कधी मुंबईत शीवला हलवावं लागतं. रस्ता शिळफाट्याचा. तिथल्या गर्दीत ॲम्ब्युलन्स अडकलेली असताना, रक्तदाब उतरून शिरा चपट्या झालेल्या असताना, हलत्या गाडीत नवी शीर शोधणं काय असतं ते मी अनुभवलं आहे. हातात आधीच चालती हिरवी नळी असेल तर त्या प्रवासातली निम्मी काळजी मिटलेली असते.

बाळंतपणातली ही काळजी आपल्या भागाला नवी नाही. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांत गेलं. पुढे अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. शिरेतून मिठाचं पाणी देण्याचा प्रयोग त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी पटकीच्या रोग्यांवर केला होता. आपल्या घरातल्या बाळंतिणींपर्यंत तो पोचायला त्यापुढे कित्येक पिढ्या गेल्या. हिरवी सुई टोचताना थोडी जास्त दुखते, हे खरं आहे. ते दुखणं मी प्रत्येकीला सोसायला सांगते.

७. दोनदा हुकलं तर माणूस बदला

एका सिस्टरचे दोन प्रयत्न हुकले तर तिसरा तिने करू नये, हा आमच्या कामातला चांगला नियम आहे. हाताची थरथर, मागे ताटकळलेली दुसरी बाई, नातेवाइकांच्या नजरा, या सगळ्याने तिसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा वाईट होतो. शांतपणे म्हणा, ‘सिस्टर, इन्चार्ज सिस्टरना किंवा भूलतज्ज्ञांना बोलावता का?’ भूल देणाऱ्या डॉक्टरांचं रोजचं काम तेच, त्यांच्या हाताला शीर लवकर लागते. मला असं कुणी म्हटलं की मला राग येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं.

पूर्वी कधी शीर सापडायला त्रास झाला असेल तर तेही आधी सांगा, आणि कुठे सापडली होती ती जागाही दाखवा. तुमचा हात तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतो.

८. पट्टी आणि बाही

नळी चांगली लागली आणि पट्टी वाईट लावली तर सगळं वाया. आपल्याकडे ऑक्टोबरची दमट हवा असो की जुलैतला पाऊस, घामाने चिकटपट्टी सुटतेच. पारदर्शक पट्टी असेल तर उत्तम, कारण आतली जागा दिसत राहते. साधी चिकटपट्टी असेल तरी टोचलेली जागा पूर्ण झाकू देऊ नका. नळीचा कडक प्लास्टिकचा भाग हातावर रुतत असेल तर त्याखाली गॉजची छोटी घडी ठेवायला सांगा. खुणेसारखा उठलेला तो लाल वळ पुष्कळ बायका विनाकारण सहन करतात.

सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे नळीचं वेटोळं. सलाईनच्या लांब नळीचा एक फेरा करून तो हातावर वेगळ्या पट्टीने चिकटवून घ्या. चुकून नळी ओढली गेली तर हिसका त्या वेटोळ्याला बसतो, शिरेला बसत नाही.

सरकारी रुग्णालयात या वस्तू बाहेरून आणायला सांगितल्या तर विचारा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपणाची औषधं आणि लागणारं साहित्य मोफत मिळायला हवं.

कपडे बदलताना क्रम पाळा. घालताना आधी बाटली बाहीतून आतून बाहेर काढायची, मग नळीचा हात, मग मोकळा हात. काढताना बरोबर उलट. पुढून उघडणारा सैल गाऊन असला की हेही सोपं जातं. अंगाला घट्ट बसणाऱ्या बाहीचं ब्लाउज किंवा कुडता त्या दिवशी नको.

९. सारखी सलाईन चालू हवीच असं नाही

बाई ॲडमिट झाली आणि सलाईन चढली की घरच्यांना बरं वाटतं, उपचार सुरू झाले असं वाटतं. पण नुसतं बाळंतपण लवकर व्हावं म्हणून सगळ्यांना सरसकट सलाईन लावण्याची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत म्हटलं आहे. डॉक्टरांना विचारा: ‘आत्ता चालू ठेवायची गरज आहे का, की नळी बंद करून ठेवता येईल?’ चालत असेल तर सिस्टर नळीत थोडं सलाईन सोडून, टोपण लावून बंद करते. शीर हाताशी राहते आणि बाई मोकळी होते. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारा, उकिडव्या बसा, भिंतीला टेकून उभ्या राहा. चालण्याने आणि उभं राहण्याने कळा सोसायला सोप्या जातात.

चालू ठेवणं भाग असेल तर चाकांचा स्टँड मागा आणि चाकं फिरतात का ते निघण्याआधी बघा. शौचालयाला जाताना बाटली हातापेक्षा उंच ठेवायची. ती खाली गेली की नळीत रक्त मागे येतं. ते बघून किंचाळलेल्या बायका मला आठवतात. बाटली वर केली की ते परत जातं, घाबरायचं कारण नाही.

१०. नळीवरच्या चाकाला घरच्यांनी हात लावायचा नाही

हे मी सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगते. नळीवर एक छोटं चाक असतं, त्याने थेंब कमी-जास्त होतात. सकाळी लावलेली बाटली दुपारपर्यंत अर्धीच संपलेली दिसली की आई, मावशी, नवरा यांच्यापैकी कुणीतरी हळूच ते चाक सैल करतं. हेतू चांगलाच असतो, लेकीची लवकर सुटका व्हावी. पण त्या बाटलीत कळा आणायचं औषध, पिटोसिन, असू शकतं. ते थेंब सिस्टरने घड्याळ लावून मोजलेले असतात. आमच्याकडच्या नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो आणि सुरुवात अगदी थोड्या थेंबांनी करून अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत नेतात. चाक उघडलं की गर्भाशय आवळतं ते सुटतच नाही. दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळाला रक्त आणि प्राणवायू मिळत असतो, तो विसावाच जातो.

एकदा एका मुलीच्या आईने असंच चाक सैल केलं. मुलीची किंकाळी ऐकून आम्ही धावलो, औषध बंद केलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरांना बोलावलं. बाळाचे ठोके पार उतरले होते. या औषधाचा अंमल बंद केल्यावर काही मिनिटांत ओसरतो, म्हणून ठोके पुन्हा सावरले. ती आई कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, आणि मला तिची फार दया आली. म्हणून आता बाटली लावली की मी सोबतच्या बाईला जवळ बोलावून, बाटलीत काय आहे, थेंब इतके हळू का आहेत आणि चाकाला हात का लावायचा नाही हे सांगते. २०१६ पासून सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी घरातली, स्वतः बाळंतपणातून गेलेली एक बाई सोबत राहू द्यावी असं केंद्राचं धोरण आहे. ती सोबतीण असेल तर तिला काम द्या. नळी दुमडली का, हात सुजतोय का, बाटली संपत आली का, याकडे लक्ष ठेवून हाक मारणं. चाक फिरवणं नाही.

बाटली संपली की हवा शिरेत जाईल आणि काहीतरी भयंकर होईल, हीही भीती सगळीकडे आहे. स्टँडला टांगलेल्या साध्या सलाईनमध्ये बाटली संपली की नळीतलं पाणी एका उंचीला येऊन थांबतं. नळीतले बारीक बुडबुडे अपाय करत नाहीत. सिस्टरला बोलवा, पळापळ नको.

११. झोंबलं तर गप्प बसू नका

सलाईन जाताना हातात गारवा चढतो, तो चालेल. खांद्यापर्यंत शाल ओढून घ्या. बाळ झाल्यावर थरथर सुटते, तीही बऱ्याच जणींना होते. पण आग होणं, जागा टणक लागणं, भोवती फुगवटा येणं, लालसर रेघ वर सरकणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच सांगा. नळी शिरेतून निसटून पाणी कातडीखाली जात असतं, नाहीतर शीरच सुजलेली असते. ‘इतकं तर दुखणारच’ असं म्हणून रात्र काढलेल्या बायकांचे हात सकाळी दुप्पट झालेले मी पाहिले आहेत. काही अँटिबायोटिक मुळातच झोंबतात. ते हळू सोडायला सांगा, सिस्टर सोडते.

गरोदरपणात लोहाची सलाईन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के, गरोदर बायकांना रक्तक्षय आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं, त्यामुळे ही सलाईन आता बऱ्याच जणींना लागते. ते औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. जरा जरी चुरचुरलं तरी त्या क्षणी थांबवायला सांगायचं.

१२. बाळ झाल्यावर

नळी कधी काढणार, हे रोजच्या राउंडला विचारा. कुणी विसरलं म्हणून ती जास्त वेळ राहू नये. ती हातात असताना पाजताना त्रास होत असेल तर बाळाला त्या बाजूच्या काखेत, उशीवर, पाय मागे घेऊन धरा, म्हणजे वजन नळीवर येत नाही. बाळाचा लाथ मारणारा पाय नळीवर येऊ देऊ नका.

नळी काढल्यावर कापसाने दोन-तीन मिनिटं सरळ दाबून ठेवा, चोळू नका. थोडं काळं-निळं होणं आठवडाभरात जातं. कधी शीर दोरीसारखी टणक लागते आणि काही आठवडे तशीच राहते. डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर ते हलक्या बोटाने लावायचं, कोमट शेक द्यायचा.

घरी गेल्यावर मालीशवाल्या बाई येतात. त्यांना पहिल्या दिवशीच तो हात दाखवा आणि मनगटापासून कोपरापर्यंत जोर द्यायचा नाही असं सांगा. सुजलेली शीर रगडली की दुखणं वाढतं. त्यांचा हात सवयीने तिथे जातोच, म्हणून दुसऱ्या दिवशीही आठवण करा. टोचलेल्या छिद्रावर खपली धरेपर्यंत तेल, हळद, कसलाच लेप नको. त्या जागी पू दिसला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. ताप दुधाचा असेल असं घरचे म्हणतील, तरीही हात आधी दाखवा.